यजमानपद मागण्यापूर्वी

2030 सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला भरवण्याचा निर्णय नोव्हेंबर 2025 मध्ये ग्लासगो येथे झाला. आपल्या महाराष्ट्रात बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारले गेले आणि 2008 साली पुण्याने राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरवल्या. असे यजमानपद मागताना शहर नेमके कसले आश्वासन देते? स्टेडियम आणि रोषणाई डोळ्यांना दिसतात. पण मुख्य आश्वासने दोन असतात. आमचे माप खरे असेल, हे पहिले; आणि कारभार पाहणारी माणसे नि:पक्षपाती असतील, हे दुसरे.

माप खरे हवे

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदकाची फेक होती 16.38 मीटर. अंतर अवघे 6 सेंटिमीटर! ज्या मैदानावर असे निकाल लागायचे, तेथील मापात ढिलाई कशी चालेल?

आता धावपट्टी घ्या. प्रमाणित धावपट्टीच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी 84.39 मीटर असतात आणि दोन्ही टोकांना 36.50 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे असतात. आतल्या कडेला सुमारे 5 सेंटिमीटर उंचीची पट्टी बसवलेली असते. धावपटू तिला चिकटून धावू शकत नाही, म्हणून पहिल्या लेनची लांबी त्या पट्टीपासून 30 सेंटिमीटर बाहेर मोजतात. म्हणजे त्रिज्या झाली 36.80 मीटर.

दोन सरळ बाजू : 2 × 84.39 = 168.78 मीटर
दोन अर्धवर्तुळे : 2 × 3.1416 × 36.80 = 231.22 मीटर
एकूण : 400.00 मीटर

ही लांबी 400 मीटरपेक्षा कमी भरलेली मुळीच चालत नाही; जास्त भरली तर फक्त 4 सेंटिमीटरपर्यंत चालते.

समजा, पोलादी टेप 20 अंश सेल्सिअस तापमानाला बरोबर माप दाखवते. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात तीच टेप 40 अंशांपर्यंत तापली. पोलादाची लांबी दर अंशाला सुमारे 0.000012 पटीने वाढते. मग 400 मीटरला प्रसरण किती?

400 × 0.000012 × 20 = 0.096 मीटर

म्हणजे जवळजवळ 10 सेंटिमीटर! टेप ताणली गेल्यामुळे ती 400 मीटर दाखवील, पण आखलेली धावपट्टी प्रत्यक्षात 400.096 मीटर भरेल. ही चूक 4 सेंटिमीटरच्या सवलतीपेक्षा दुपटीहून अधिक आहे. म्हणून मोजणी करणाऱ्याने लांबीबरोबर तापमानही नोंदवायचे आणि हिशोबात दुरुस्ती करायची असते.

तपासणारे कोण?

पण दुरुस्ती केली की नाही, हे कोणी पाहायचे? ज्याने धावपट्टी बांधली त्यानेच ती बरोबर असल्याचा दाखला द्यायचा, हे योग्य नव्हे. येथेच क्रीडाप्रशासनाचा प्रश्न येतो.

त्यातल्या गोंधळाची किंमत खेळाडूंना मोजावी लागते. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या सरडे गावचे प्रवीण जाधव जून 2019 मध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सांघिक रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. त्याच महिन्यात देशातील तिरंदाजी महासंघाच्या दोन गटांनी वेगवेगळ्या निवडणुका घेतल्या. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. परिणामी नोव्हेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारतीय तिरंदाजांना तिरंग्याखाली उतरता आले नाही. ते तटस्थ खेळाडू म्हणून खेळले. त्यांच्या नेमबाजीत दोष नव्हता. दोष कारभारात होता. जानेवारी 2020 मध्ये निलंबन उठले.

2025 साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि तंटे सोडवण्यासाठी न्यायाधिकरण यांची तरतूद त्यात आहे. यजमानपद मागणाऱ्या देशाला अशी घडी स्टेडियमइतकीच आवश्यक असते.

करून पाहा

तुमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने 200 मीटरची धावपट्टी आखा. लेनची रुंदी 1.22 मीटर ठेवा. फक्कीच्या रेषेला उंच पट्टी नसते, म्हणून प्रत्येक लेन आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजा. एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू किती पुढे उभा करायचा? लागोपाठच्या लेनच्या त्रिज्यांत 1.22 मीटर फरक आहे, म्हणून :

2 × 3.1416 × 1.22 = 7.67 मीटर

तिसऱ्या लेनचा 15.33 मीटर पुढे. या गणितात मैदानाची त्रिज्या आलीच नाही, हे लक्षात आले का? फक्कीची रेषा आणि लेनची रुंदी तीच असेल, तर मैदान लहान असो वा मोठे, हे अंतर तेवढेच राहते.

आखणी एका गटाने करा, तपासणी दुसऱ्या गटाला करू द्या. तापमान नोंदवा. दोन्ही गटांची मापे जुळली नाहीत, तर शर्यत थांबवून पुन्हा मोजा.