समांतर बांधणी आणि बाह्य लायब्रऱ्यांचे अवलंबन

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गाव गोदावरीच्या काठी वसलेले असून पलीकडच्या तीरावर चांदोरी आहे. नाशिकपासून सुमारे २४ किलोमीटर खाली, ह्याच परिसरात, दारणा नदी गोदावरीला उजव्या अंगाने मिळते. त्याहूनही खाली नांदूर मधमेश्वर येथे कादवेचा संगम आणि बंधारा आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ ह्या दोन्ही वेळी सायखेडा-चांदोरी भागात पुराचे पाणी शिरले. येथील पाण्याची पातळी आगाऊ सांगावयाची तर गंगापूर धरणातून किती पाणी सुटले, दारणेतून किती आले आणि मधल्या पाणलोटात पाऊस किती पडला, ह्या तिन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. गोदावरीचे वरचे गणित आणि दारणेचे गणित दोन निरनिराळ्या संगणकांवर एकाच वेळी चालविण्यास हरकत नाही, कारण संगमापर्यंत त्यांचा एकमेकींशी संबंध येत नाही. संगमाखालचे गणित मात्र दोन्ही उत्तरे हाती येईपर्यंत थांबलेच पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याचीही गरज वाटू नये. परंतु हे गणित करणारी आज्ञावली संगणकावर बांधून तयार करतानाही नेमका हाच नियम लागू पडतो, आणि तेथे तो वारंवार मोडला जातो.

आज्ञावलीची बांधणी म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला चालविता येईल अशा रूपात केलेले परिवर्तन होय. मोठ्या आज्ञावलीत अशा मजकुराच्या शेकडो फायली असतात. त्या एकामागून एक कंपायलरकडे देण्याऐवजी आठ-दहा फायली एकदम दिल्या, म्हणजे समांतर बांधणी झाली. पण कोणतीही मोठी आज्ञावली सर्वस्वी स्वतःच्या मजकुरावर उभी नसते. आकडे साठविणे, ते संक्षिप्त करणे, संगणकांमध्ये निरोपांची देवघेव करणे ही कामे इतरांनी लिहिलेल्या आणि स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणाऱ्या संचांवर सोपविलेली असतात. ह्या संचांनाच बाह्य लायब्रऱ्या म्हणतात.

पावसाच्या अंदाजासाठी भारतीय हवामान विभागासह जगभरच्या अनेक संस्था वापरीत असलेले डब्ल्यूआरएफ हे प्रारूप उदाहरणादाखल घेता येईल. त्याची फळे नेटसीडीएफ नावाच्या स्वरूपात लिहिली जातात. हे प्रारूप बव्हंशी फोरट्रान भाषेत असल्याने त्याला नेटसीडीएफची फोरट्रान लायब्ररी लागते. ती लायब्ररी सी भाषेतील नेटसीडीएफवर उभी आहे. सी-नेटसीडीएफच्या नव्या स्वरूपाला एचडीएफ५ लागते, आणि एचडीएफ५ला संक्षेपासाठी झेडलिब लागते. ह्याखेरीज अनेक संगणकांवर एकत्र चालण्यासाठी एमपीआय हवे. प्रारूपाला आरंभीची हवामानस्थिती पुरविणाऱ्या जोड-आज्ञावलीला आणखी जॅस्पर आणि लिबपीएनजी ह्या दोन लायब्रऱ्या लागतात, आणि त्यांपैकी लिबपीएनजी पुन्हा झेडलिबवरच अवलंबून असते. हे संबंध कागदावर बाणांनी काढले तर नदीखोऱ्याच्या नकाशाहून फारसे निराळे चित्र दिसणार नाही. फरक इतकाच की नदीचा प्रवाह सहसा एकाच दिशेने मिळतो, तर येथे झेडलिबसारखा एकच झरा दोन-तीन प्रवाहांना पाणी पुरवितो.

अशा आलेखातील कामे कोणत्या क्रमाने करावीत ह्याची रीत आर्थर कान ह्यांनी १९६२ मध्ये मांडली. ज्या कामाकडे एकही बाण येत नाही ते आधी उरकावे, त्याचे बाण पुसावे, आणि जी कामे आता मोकळी झाली ती हाती घ्यावीत. समांतर बांधणीला ह्यापुढे एकच पायरी चढावी लागते : मोकळी झालेली सर्व कामे एकदम सुरू करावयाची. वरील उदाहरणात झेडलिब, जॅस्पर आणि एमपीआय एकाच क्षणी सुरू होऊ शकतात. झेडलिब संपताच लिबपीएनजीला वाट मोकळी होते. एचडीएफ५ अनेक संगणकांनी एकदम लिहिण्याच्या सोयीसह बांधावयाची असेल तर तिला एमपीआयचीही वाट पाहावी लागते. पण झेडलिब, एचडीएफ५, सी-नेटसीडीएफ, फोरट्रान-नेटसीडीएफ आणि अखेरीस प्रारूप ही मुख्य साखळी सरळ आहे. कितीही प्रोसेसर दिले तरी तिच्या कड्या एकमेकींच्या पुढे जाऊ शकत नाहीत. शिवाय ह्यांपैकी बहुतेक लायब्रऱ्या बांधणीपूर्वी यंत्राची तपासणी करणारी एक लांबलचक चाचणी चालवितात, आणि ती चाचणी एकेरीच चालते. चौसष्ट प्रोसेसरांच्या यंत्रावर त्रेसष्ट प्रोसेसर स्वस्थ बसून ह्या चाचणीची वाट पाहत आहेत, हे दृश्य ह्या क्षेत्रात नित्याचे आहे.

खरी अडचण मात्र वेगाची नव्हे, क्रमाची आहे. बांधणीचे नियम लिहून ठेवण्याचे 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केले. त्यांच्या एका सहकाऱ्याची संपूर्ण सकाळ निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली होती. दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली होती, एवढेच. मेकमध्ये प्रत्येक वस्तू कशावर अवलंबून आहे ते लिहावयाचे असते. परंतु मेक एकेरी चालत असता नावे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने ती घेतो. त्यामुळे 'झेडलिब, एचडीएफ५, नेटसीडीएफ' असे नुसते ओळीने लिहिले आणि त्यांच्यातील बाण लिहिलेच नाहीत, तरी बांधणी यथास्थित पार पडते. लिहिणाऱ्याला वाटते की आपले नियम बरोबर आहेत. वस्तुतः नियम अपुरे असतात आणि क्रमाने ती उणीव झाकलेली असते. समांतर बांधणीचा पर्याय देताच तिन्ही कामे एकदम सुटतात.

मग काय होते, ते नशिबावर अवलंबून राहते. नेटसीडीएफची तपासणी सुरू झाली तेव्हा एचडीएफ५चा पत्ताच नसेल तर काम दोष दाखवून थांबते; हा प्रकार सर्वांत बरा. एचडीएफ५च्या शीर्षफायली जागी ठेवल्या गेल्या असून लायब्ररी अद्याप अर्धीच लिहिली गेली असेल तर जोडणीच्या वेळी न समजणारा दोष येतो, आणि तोच हुकूम पुन्हा दिला की नाहीसा होतो, कारण तोवर लायब्ररी पूर्ण झालेली असते. "दुसऱ्यांदा चालवा, म्हणजे होते" हा सल्ला ज्या प्रयोगशाळेत रूढ झाला असेल तेथे एक बाण लिहावयाचा राहिला आहे असे खुशाल समजावे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. नव्या लायब्ररीच्या जागी काही सापडत नाही, पण यंत्राच्या सामाईक जागेत त्याच लायब्ररीची जुनी आवृत्ती असते. तपासणी मुकाट्याने तीच उचलते आणि बांधणी यशस्वी झाल्याचे कळविते. एचडीएफ५च्या कर्त्यांनी ह्याविरुद्ध एक चांगला बंदोबस्त केला आहे : ज्या आवृत्तीच्या शीर्षफायली घेऊन आज्ञावली कंपाइल झाली आणि चालताना जी आवृत्ती प्रत्यक्ष मिळाली, त्या जुळत नसतील तर काम तेथेच थांबते. ही तपासणी बंद करण्याचीही सोय आहे, आणि घाईच्या वेळी ती वापरली जाते. हे पुराच्या इशाऱ्याचा भोंगा आवाज फार करतो म्हणून बंद करण्यासारखेच आहे. फोरट्रानच्या बाबतीत आणखी एक काटेकोरपणा लागतो. फोरट्रान-नेटसीडीएफची मोड्यूल-फाईल ज्या कंपायलरने तयार केली त्याच कंपायलरला ती वाचता येते, आणि पुष्कळदा आवृत्तीही जुळावी लागते. म्हणजे आलेखात कंपायलरलाही एक स्थान द्यावे लागते. तो आलेखाबाहेरचा तटस्थ कारागीर नव्हे.

अशा घोटाळ्यावर समांतरता बंद करून एकेरी बांधणी करणे हा उपाय नेहमी सुचविला जातो. त्याने लक्षण जाते, दोष राहतो. राहिलेला बाण लिहिणे हाच खरा उपाय. लायब्ररीची संपूर्ण बांधणी ही एक वस्तू मानावी, ती यशस्वीपणे जागी बसल्यावरच एक खूण-फाईल निर्माण करावी, आणि पुढच्या लायब्ररीचा बाण त्या खुणेपासून काढावा. निंजा हे अलीकडचे साधन ह्या बाबतीत अधिक करडे आहे. कोणती फाईल कोणते काम निर्माण करणार हे त्याला आरंभीच ठाऊक असावे लागते. म्हणून सीमेकमधून बाह्य प्रकल्प बांधून घेताना त्यातून उपजणाऱ्या लायब्ररी-फायलींची नावे आगाऊ नोंदवावी लागतात. ती न नोंदविल्यास, ही फाईल कोणी निर्माण करीत नाही, असे सांगून निंजा काम सुरूच करीत नाही. हा कडकपणा प्रथम जाचतो खरा, पण दोष दुपारी कामाच्या वेळी उघडकीस येतो, मध्यरात्री नव्हे.

दुसरा प्रश्न वाटपाचा. प्रत्येक बाह्य लायब्ररी आपापल्या मेकने बांधली जाते. बाहेरच्या मेकने आठ लायब्रऱ्या एकदम सुरू केल्या आणि प्रत्येकीच्या आतल्या मेकला पुन्हा आठ कामांची मुभा दिली, तर चौसष्ट कंपायलर एकाच वेळी स्मृतीवर तुटून पडतात. स्मृती संपली की संगणक त्यांपैकी काहींना मारून टाकतो. ग्नू मेकमध्ये ह्यासाठी पाटबंधाऱ्याच्या पाळीसारखी व्यवस्था आहे. सर्व मेकांमध्ये एक सामाईक नळी असते व तिच्यात परवान्यादाखल अक्षरे टाकलेली असतात. जास्तीचे काम सुरू करण्यापूर्वी नळीतून एक अक्षर काढून घ्यावयाचे आणि काम संपताच परत टाकावयाचे. एकूण आठ कामांची मुभा असेल तर नळीत सातच अक्षरे असतात, कारण एक काम करण्याचा हक्क प्रत्येक मेकजवळ मुळातच असतो. आतल्या मेकला स्वतंत्र आकडा दिला की ही पाळी मोडते. म्हणून आकडा एकदाच, सर्वांत बाहेर सांगावा.

मूळ मजकूर मिळविण्याचे काम बांधणीत मिसळू नये, हेही ओघाने येते. महासंगणकांच्या गणनकक्षांना बहुधा बाहेरच्या जाळ्याशी जोडलेले नसतेच. आवश्यक आवृत्त्या आधीच आणून, त्यांची सांकेतिक बेरीज ताडून, स्थानिक भांडारात ठेवल्या म्हणजे आज बांधलेली आज्ञावली आणि सहा महिन्यांनी बांधलेली आज्ञावली एकच असल्याची खात्री देता येते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत निर्माण झालेले स्पॅक हे साधन ह्यापुढे जाऊन लायब्ररी, तिची आवृत्ती, कंपायलर आणि तिच्याखालच्या सर्व लायब्रऱ्या मिळून एक खूणक्रमांक काढते व प्रत्येक संयोगाला निराळी जागा देते. जुनी आवृत्ती मुकाट्याने उचलली जाण्याची वाट त्यामुळे बरीचशी बंद होते.

राहिलेले बाण शोधण्यासाठी २०२२ मध्ये निघालेल्या ग्नू मेकच्या ४.४ ह्या आवृत्तीत एक युक्ती आली आहे : अवलंबनांचा लिहिलेला क्रम मुद्दाम विस्कटून बांधणी करावयाची. नियम पूर्ण असतील तर क्रम कसाही पिसला तरी फळ तेच येते. एखादा बाण राहिला असेल तर काही खेपांत तो बहुधा उघडा पडतो. क्रम कोणत्या आकड्यावरून पिसला तो आकडा जपून ठेवला की तोच दोष पुन्हा घडवून पाहता येतो, आणि "कधी होते, कधी होत नाही" ह्या तक्रारीला प्रथमच धरण्याजोगे टोक मिळते. डब्ल्यूआरएफमध्ये फोरट्रान-मोड्यूलांच्या अवलंबनांची एक लांब यादी हाताने लिहून सांभाळली जात आली आहे; अशा याद्यांच्या बाबतीत ही परीक्षा विशेष उपयोगी आहे.

एक प्रकार मात्र ह्या सर्व रीतींना दाद देत नाही, तो म्हणजे चक्र. अक्षरे रेखाटणाऱ्या फ्रीटाइपला हार्फबझ ही लायब्ररी हवी असते आणि हार्फबझला फ्रीटाइप. तेथे फ्रीटाइप आधी हार्फबझवाचून बांधतात, मग तिच्या आधाराने हार्फबझ, आणि शेवटी फ्रीटाइप पुन्हा एकदा पूर्ण रूपात. गोदावरीलाही हा प्रसंग येतो. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबले म्हणजे त्याचा फुगवटा वर सरकतो आणि खालची पातळी वरच्या पातळीवर परिणाम करू लागते. त्या वेळी सायखेड्याचे उत्तर आधी अंदाजाने धरून, बंधाऱ्यापर्यंतचे गणित करून, तेथील पातळी घेऊन पुन्हा वर यावे लागते, आणि दोन फेऱ्यांतील अंतर नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवावे लागते.