ब्राउझरातील चूक शोधावी कोणत्या हत्याराने?

वेबपान एकच असले तरी ते उघडणारे ब्राउझर अनेक असतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. समजा, तुम्ही एखाद्या शाळेच्या प्रवेशअर्जाचे पान तयार केले आहे. तुमच्या टेबलावरील क्रोममध्ये ते सुरळीत चालते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एका पालकाचा फोन येतो, "अहो, बटण दाबतोय, पण काहीच होत नाही!" त्यांच्या हातात आयफोन आहे आणि ते सफारी वापरताहेत. "माझ्याकडे तर चालतंय" हे तुमचे उत्तर खरेच असेल. पण त्यांच्या ते काय कामाचे?

चूक ज्या ब्राउझरात दिसते, तिचा शोध त्याच ब्राउझरात घ्यावयास हवा. जावास्क्रिप्टची भाषा एक असली, तरी ती वाचणारी यंत्रणा क्रोममध्ये वेगळी, फायरफॉक्समध्ये वेगळी आणि सफारीत आणखी तिसरीच. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० सालापासून क्रोमियमवर बेतलेला आहे. तेव्हा क्रोम आणि एज अशा दोहोंत तपासणी केली, की एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखे होते. आपल्याकडील आयफोनवरचा क्रोम मात्र आतून सफारीच्याच यंत्रणेवर चालतो. नावावर जाऊ नका.

एक मासला पाहा. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून लिहिले, तर क्रोम ते समजून घेतो. सफारीने कित्येक वर्षे ती तारीखच अवैध ठरवली. मध्ये रोमन 'टी' हे अक्षर घालावे, असा प्रमाणित संकेत आहे. तो पाळला की सारे ब्राउझर खूश!

अशा चुकीने दर वेळी लाल अक्षरांत ओरड होईलच असे नाही. प्रथम कन्सोल उघडून पाहावे. तेथे चुकीची ओळ आणि तिचा क्रमांक मिळाला तर अर्धे काम झाले. नाही मिळाला, तर ब्रेकपॉइंट घालावा. म्हणजे स्क्रिप्ट त्या ओळीपाशी थांबते, आणि कोणत्या चलात काय किंमत आहे ते आपल्याला निवांत पाहता येते. मग एकेक ओळ पुढे सरकावे.

पूर्वी ही सोय नव्हती. जागोजागी अलर्टच्या चौकटी पेरून लोक चूक हुडकीत. २००६ साली ज्यो ह्युइट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग आणले, आणि कामाची रीतच पालटली. २०१७ साली ते बंद झाले. त्याचे गुण फायरफॉक्सच्या स्वतःच्या साधनांत उतरले आहेत. इंटरनेट एक्स्प्लोररच्या ८ व ९ या आवृत्त्यांची गंमत तर औरच. साधनांची खिडकी उघडल्याशिवाय तेथे कन्सोल अस्तित्वातच नसे. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये कन्सोलचा उल्लेख राहिला की पान अडे, आणि चूक पाहायला खिडकी उघडावी तो पान चालू! दिवा लावताच चोर पसार, अशातली ती गोष्ट.

आता विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स या तिघांतही एफ-१२ ही कळ दाबली की साधने उघडतात. रोजच्या कामाला मी क्रोम घेईन. पण बटणाला कोणती स्क्रिप्ट जोडली आहे हे पाहावयाचे, तर फायरफॉक्स त्या घटकाशेजारीच खूण दाखवतो, ते मला अधिक सोयीचे वाटते. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून क्रोममधून तपासता येतो. आयफोनचे दुखणे मात्र वेगळे. फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारीचा वेब इन्स्पेक्टर चालू करावा लागतो, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मॅक लागतो. पदरी मॅक नसेल, तर तासाभरासाठी कोणाचा तरी मागून आणावा. अंदाजाने दुरुस्त्या करीत बसण्यापेक्षा ते बरे.

काम आटोपल्यावर स्क्रिप्टमध्ये लिहिलेला 'डीबगर' हा शब्द काढून टाकण्यास विसरू नका. साधने बंद असली तर तो गुपचूप बसतो, म्हणूनच तो राहून जातो. अर्जदाराचे नाव, जन्मतारीख कन्सोलवर छापणाऱ्या ओळीही त्याच वेळी पुसाव्यात.