कपाळामागचा मुकादम

एक सोपा प्रयोग करून पाहा. कागदावर लाल, निळा, हिरवा, काळा हे शब्द उलटसुलट क्रमाने एकूण वीस वेळा लिहा. मात्र कोणताही शब्द त्याच्या स्वतःच्या रंगात लिहू नका. 'लाल' हिरव्या शाईने, 'निळा' लाल शाईने, याप्रमाणे. मित्राच्या हाती घड्याळ द्या आणि सर्व शब्द भराभर वाचा. मग शब्द न वाचता फक्त शाईचे रंग सांगा. दुसऱ्या खेपेस जीभ अडखळेल आणि वेळही जास्त लागेल. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा प्रकारचे प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध केले.

असे का होते? वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की शब्द दिसताच तो आपोआप वाचला जातो. ती ऊर्मी आवरून रंगाकडे लक्ष देणे हे मनाला वेगळे काम पडते. अभ्यासाला बसल्यावर मोबाइल वाजला की आपल्याला हेच काम करावे लागते.

आता दुसरा प्रयोग. मित्राने ७, २, ९, ४, ६ असे अंक सावकाश सांगावेत आणि तुम्ही ते उलट क्रमाने म्हणावेत. एकेक अंक वाढवत जा. थोड्याच वेळात गाडी अडेल. येथे अंक लक्षात ठेवायचे आणि त्याच वेळी त्यांची मांडणीही बदलायची असते. या तात्पुरत्या कामाच्या जागेला 'कार्यस्मृती' म्हणतात. ती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली; नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चारच्या आसपास आणली.

तिसरा प्रयोग तोंडीच करा: १-क, २-ख, ३-ग असे न थांबता पुढे म्हणत जा. नुसते अंक किंवा नुसती अक्षरे म्हणण्यापेक्षा हे अवघड जाते, कारण मनाला दर वेळी रूळ बदलावे लागतात.

ऊर्मीला आवर, कार्यस्मृती आणि मनाची लवचीकता या तिन्हींना मिळून 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. बांधकामावरचा मुकादम स्वतः विटा वाहत नाही. कोणते काम आधी, कोणते नंतर हे तो ठरवतो. या क्षमतांचे काम तसेच आहे. त्यात कपाळामागील मेंदूच्या भागाचा वाटा मोठा असतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण खरोखरच एका मुकादमाचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना अकस्मात स्फोट झाला आणि लोखंडी पहार फिनिअस गेज याच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. पण बेत आखायचे आणि लगेच सोडून द्यायचे, असा त्याचा स्वभाव बनल्याचे त्याचे डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवले आहे. मुकादमाची जागा त्याला परत मिळाली नाही. पुढे मात्र त्याने चिली देशात अनेक वर्षे घोडागाडी हाकली. रोजच्या ठरावीक कामाच्या चौकटीने त्याला आधार दिला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

मेंदूचा हा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणून आठवी-नववीतल्या मुलाची प्रत्येक विसरलेली वही आळसामुळे विसरलेली नसते. 'तू आळशीच आहेस' हे वारंवार ऐकले की मुलाला ते खरे वाटू लागते आणि तो प्रयत्नच सोडतो. खरे नुकसान होते ते येथे.

मग उपाय काय? स्मृती वाढवणारे म्हणून विकले जाणारे खेळ खेळल्याने बहुधा त्या खेळातच प्रगती होते. अभ्यासात तिचा फारसा उपयोग दिसत नाही. भौतिकशास्त्राने दाखवलेला मार्ग अधिक बरा. जड पिंप ट्रकवर चढवताना आपण उतरती फळी लावतो. काम तेवढेच राहते, पण एका वेळी लावायचे बल कमी होते. तशाच तीन फळ्या येथे सांगतो.

पहिली: डोक्यात ठेवू नका, लिहा. उद्याच्या वह्यांची यादी दप्तरालाच लावा.

दुसरी: कामाचे तुकडे करा. 'विज्ञानाचा अभ्यास' असे न लिहिता 'अपवर्तनाची पाच उदाहरणे' असे लिहा.

तिसरी: वेळेची खूण आधीच ठरवा. 'जेवणाची ताटे उचलली की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून मी पहिले उदाहरण लिहीन.' असा नेमका 'जर-तर' संकल्प नुसत्या 'अभ्यास करीन'पेक्षा अधिक वेळा तडीस जातो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले आहे.

शिक्षकांनीही पाच सूचना एका दमात सांगण्याऐवजी फळ्यावर क्रमाने लिहाव्यात. मुलांना सवय झाली की हा आधार हळूहळू काढून घ्यावा आणि क्रम त्यांनाच लिहू द्यावा.

आता शेवटचा प्रयोग. एक आठवडा नेहमीप्रमाणे वागा आणि किती गोष्टी विसरल्या, किती कामे अर्धी राहिली, याची रोज नोंद करा. पुढचा आठवडा या तीन फळ्या वापरा व तशीच नोंद ठेवा. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तुम्हीच निष्कर्ष काढा.