न उगवलेला सुळा

घरांत मुलांचे दांत पडूं लागले म्हणजे सर्वांस मोठी गंमत वाटते. पडलेला दांत कौलांवर फेंकावयाचा, आजीनें ‘बोळकें झालें ग बाई!’ म्हणून हसावयाचें, आणि नवा दांत दिसला कीं विषय संपला, अशी आपल्या कुटुंबांतील रीत आहे. जो दांत पडला त्याची आठवण राहते. जो पडावयास हवा असून पडला नाहीं, त्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या भिवंडीच्या घरींही तें गेलें नाहीं, आणि म्हणूनच हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

ब्राह्मण आळींतील आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं सात मुलें. त्यांतील थोरल्या पुतणीस तेरा वर्षें पूर्ण झालीं, तरी तिचा वरचा डावीकडील सुळा दुधाचाच होता. उजवीकडचा पक्का सुळा अकराव्या वर्षींच आला होता. घरांतील बायका त्या इवल्याशा दांताचें कौतुक करीत. मध्यंतरीं दाढेंत चांदी भरावयास ती एका दंतवैद्यांकडे गेली असतां त्यांनीं ‘येईल सावकाश’ एवढेंच सांगितलें, व आम्ही निश्चिंत झालों. पण दोष त्यांना एकट्यांना कसा द्यावा? दोन बाजूंतील हा फरक आम्हां दहा मोठ्या माणसांच्या पंक्तीला रोज जेवत होता!

वरचा सुळा हा फार दूरचा प्रवासी आहे. बालपणींच नाकाच्या बुडाशेजारीं, जबड्याच्या हाडांत अगदीं उंचावर, त्याची घडण सुरू होते. तेथून तो हळूहळू खालीं उतरतो आणि सामान्यतः अकराव्या-बाराव्या वर्षीं हिरडींतून डोकावतो. वाट लांब, म्हणून ती चुकण्याचा संभवही अधिक. अक्कलदाढेच्या खालोखाल जबड्यांत अडकून राहणारा दांत हाच होय. शंभरांत सुमारें दोघांस हा दोष असतो, व मुलांपेक्षां मुलींत तो जवळजवळ दुपटीनें आढळतो. उतरतांना शेजारच्या पटाशीच्या दांताचें मूळ सुळ्यास वाट दाखवितें, असें कित्येक तज्ज्ञ मानतात. तो पटाशीचा दांत जन्मतःच नसला किंवा खुंटीसारखा बारीक असला, तर सुळा टाळूकडे वळण्याची भीति वाढते. पुष्कळदां हा दोष एकाच घराण्यांत फिरून दिसतो. तेव्हां एका मुलांत तो सांपडला तर भावंडांचींही तोंडें पाहावीं.

अडकलेला सुळा बहुधा दुखत नाहीं, आणि घात होतो तो यामुळेंच. दुखलें असतें तर आम्ही त्याच दिवशीं धांवलों असतों. न दुखतां, न दिसतां, तो शेजारच्या निरोगी दांताचें मूळ झिजवूं शकतो.

पाहण्याची पहिली रीत मात्र अगदीं घरगुती आहे. मूल नऊ-दहा वर्षांचें झालें कीं स्वच्छ धुतलेलें बोट ओठाच्या आंतून, दुधाच्या सुळ्याच्या वरच्या अंगास हिरडीवर फिरवावें. येणाऱ्या दांताचा टणक उंचवटा बोटास लागतो. एकीकडे लागला व दुसरीकडे लागत नाहीं, किंवा अकरावें वर्ष सरत आलें तरी दोन्हीकडे कांहींच लागत नाहीं, तर दांत सरळ करण्याच्या शास्त्रांतील तज्ज्ञांस दाखवावें. ते क्ष-किरण चित्र घेतात. सुळा टाळूकडे आहे कीं ओठाकडे, हें एका चित्रांत कळत नाहीं. म्हणून यंत्र थोडें बाजूला सरकवून दुसरें घेतात. कल्याणहून मुंबईस जातांना गाडीच्या खिडकींतून जवळचे खांब मागें पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालत आहेसा भासतो. त्याच न्यायानें यंत्राबरोबर सरकणारा सुळा टाळूकडील, व उलट सरकणारा ओठाकडील समजावा. अलीकडे तिन्ही बाजूंनीं दाखविणारें संगणकीय चित्रही निघतें. झिजलेलें मूळ त्यांत अधिक स्पष्ट दिसतें.

वेळेवर कळल्यास उपाय किती सोपा असतो, हें स्वीडनमधील एरिक्सन व कुरोल यांनीं १९८८ सालीं दाखविलें. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांत टाळूकडे वळलेले ४६ सुळे त्यांनीं पाहिले व केवळ वरचे दुधाचे सुळे काढून टाकले. ४६ पैकीं ३६ पक्के सुळे आपण होऊन वाटेवर आले! सुळा जितका कमी वळलेला, तितकें यश अधिक.

आमच्याकडे ती संधि निघून गेली होती. चित्रांत सुळा टाळूंत आडवातिरपा निजलेला, आणि शेजारच्या पटाशीच्या दांताच्या मुळाचें टोंक झिजलेलें. दुधाचा दांत काढावयाचा म्हणतांच आजी कडाडली, “अरे, वरचा दांत उपटलास तर पोरीचा डोळा जाईल हो!” हा समज आपल्या समाजांत फार खोल रुजलेला आहे. वस्तुतः दांतांची संवेदना नेणारी नाडी वेगळी व दृष्टीची वेगळी. दांत काढल्यानें दृष्टि जात नाहीं. पण आजीला हें पटविण्यांत आमचा महिना गेला.

मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत सरकारी दंत महाविद्यालयही आहे. उपचारांची सोय दूर नाहीं. परंतु भिवंडीहून आधीं कल्याण किंवा ठाणें गांठावें आणि मग गाडी धरावी, असा फेरा दर महिन्यास मुलीच्या आईनें केला. प्रथम तारा बसवून जागा केली. मग जागा बधिर करून टाळूची हिरडी उघडली, सुळ्यावर बारीक कडी चिकटविली, आणि तिच्या सांखळीनें त्यास हळूहळू ओढून आणिलें. हळूहळू कां, हें मागांच्या या गांवांत कोणास समजावून सांगावयास नको. ताणा फाजील ओढला कीं तुटतो. वीस महिने लागले. मोठ्या वयांत कधीं कधीं असा सुळा हाडाशीं जखडून हलतच नाहीं. मग तो काढावा लागतो, किंवा वरचेवर चित्रें घेऊन तसाच ठेवितात.

पुतणीचा सुळा आज रांगेंत आहे. झिजलेलें मूळ मात्र पुन्हां वाढत नाहीं. तो पटाशीचा दांत जन्मभर जपावा लागणार.

गेल्या महिन्यांत धाकट्या पुतण्यास नववें लागलें. आजीनें स्वतः हात धुऊन त्यास ओसरीवर उजेडांत बसविलें व तोंडांत बोट घातलें. तो चावला, हें वेगळेंच. उजवीकडचा उंचवटा लागतो. डावीकडचा अजून लागत नाहीं. दिवाळी झाल्यावर पुन्हां पाहावयाचें ठरलें आहे.