आधी हॉटेल येतं, मग गिऱ्हाईक

अमेरिकेतल्या छोट्या गावातलं जुनं डायनर पाहिलं की वाटतं, रेल्वेचा डबा रुळावरून उचलून इथे ठेवलाय. पुष्कळ अमेरिकनांचाही हाच समज असतो. पण खरी हकीकत जास्त अफाट आहे. ही हॉटेलं चक्क कारखान्यात बनायची! काउंटर, गोल फिरती स्टुलं, फरशी, सगळं आत बसवून अख्खं हॉटेल मालगाडीने किंवा ट्रकने गावात यायचं. एकट्या वुस्टर शहरातल्या कारखान्याने १९०६ ते १९५७ या काळात अशी सहाशेहून जास्त हॉटेलं बनवली.

मूळपुरुष घोडागाडी. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर गाडी लावून रात्रपाळीवाल्यांना खाणं विकू लागला. गाडीचं डायनर झालं तरी अंग चिंचोळंच राहिलं, कारण ते रस्त्यावरून न्यायचं होतं. त्यामुळे स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या नाकासमोर आणि सगळी मदार एका सपाट तव्यावर.

त्या तव्याची करामत बघायची तर ओक्लाहोमातल्या एल रीनोला जावं. तिथलं रॉबर्ट्‌स ग्रिल १९२६ पासूनचं. ते कारखान्यातून आलेलं नाही, पण थाट तोच: काउंटर, मोजकी स्टुलं, तवा. तंगीच्या दिवसांत मांस महाग, कांदा स्वस्त. म्हणून बीफच्या गोळ्यावर पातळ चिरलेल्या कांद्याचा हा एवढा ढीग रचायचा आणि थालीपीठ थापावं तसा तो उलथन्याने दाबून दाबून मांसात रुतवायचा. उलटला की कांदा खाली जातो, चरबीत चुरचुरतो, कडेने करपट-गोड होतो. वर पाव ठेवला की तो त्याच वाफेने मऊ पडतो. परवडत नव्हतं म्हणून निघालेल्या या बर्गरचा गावात आता दर मे महिन्यात उत्सव असतो.

पेनसिल्व्हेनियातलं स्क्रॅपलही काटकसरीचंच. डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात मक्याचं पीठ घालून शिजवायचं, थापून गार करायचं, वड्या पाडून खरपूस तळायच्या. न्यू जर्सीत पोर्क रोलच्या, म्हणजे डुकराच्याच मांसाच्या रोलच्या, चकतीला कडेने चिरा देतात, नाहीतर ती तव्यावर फुगून वाटीसारखी होते आणि सगळीकडे सारखी भाजत नाही. शाकाहारी माणसाने मात्र अंडं चालत असेल तर ऑम्लेट मागवावं, नाहीतर काचेच्या कपाटातल्या गोड ‘पाय’कडे बोट दाखवावं, पण त्यात अंडं किंवा चरबी नाही ना, हे विचारून. कॉफी संपली की न मागता पुन्हा भरतात.