विहारातल्या मुलांना चित्रपुस्तके का हवीत?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील होते आणि मग प्रश्नमंजुषा सुरू होते. बाबासाहेबांचा जन्म कुठे झाला? महू. चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला? २० मार्च १९२७. मुले धडाधड उत्तरे देतात, मोठी माणसे टाळ्या वाजवतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका वर्गानंतर दुसरीतल्या एका मुलीने मला विचारले, "ताई, बाबासाहेब कधी लहान होते का?"

आजूबाजूचे सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. तिने बाबासाहेब पाहिले होते ते पुतळ्यात. निळा कोट, वर केलेले बोट, हातात संविधान. तिच्याएवढे असताना ते कसे दिसत, कशाला घाबरत, कशासाठी हट्ट करत, हे दाखवणारे एकही चित्र आपण तिच्यापुढे ठेवले नव्हते. ज्याला वंदन करायचे तो महापुरुष तिला माहीत होता, पण "माझ्यासारखाच होता" असे वाटावे असा भीम तिला भेटलाच नव्हता.

माझ्या मते हा आपल्या चळवळीतला एक मोठा रिकामा कोपरा आहे. मोठ्यांसाठी आपल्याकडे ग्रंथ आहेत, खंड आहेत, भाषणे आहेत. चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी काय आहे?

चित्रपुस्तक म्हणजे नेमके काय?

गोष्टीच्या पुस्तकात मध्ये मध्ये चित्रे टाकली की चित्रपुस्तक होत नाही. चित्रपुस्तक साधारण सोळा ते बत्तीस पानांचे असते. प्रत्येक पानावर एक-दोन वाक्ये आणि बाकी गोष्ट चित्र सांगते. शब्द म्हणतात, "ती शाळेत गेली." चित्र दाखवते की तिच्या पायात चप्पल नाही आणि वर्गात ती दाराजवळ एकटी बसली आहे. या दोघांतली फट मूल स्वतः भरते आणि तिथेच प्रश्न जन्मतो. ज्याला अजून अक्षरे येत नाहीत तेही चित्र वाचू शकते. ज्या घरात आई-वडिलांना वाचता येत नाही, तिथेही आई आणि मूल मिळून ते पुस्तक "वाचू" शकतात.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. सांची आणि भारहूतच्या दगडांवर जातककथा कोरलेल्या आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात छद्दंत हत्तीची कथा रंगवलेली आहे. तिथे येणाऱ्या सामान्य उपासकाला पोथी वाचता येत नव्हती, पण भिंत वाचता येत होती. धम्म चित्रांतून सांगण्याची परंपरा आपलीच आहे. जातके मुलांना सांगताना "मागच्या जन्मी" हा भाग बाजूला ठेवून त्यातली करुणा आणि विवेक सांगावा, असे मला वाटते. बाबासाहेबांनी आत्मा आणि त्याचा पुनर्जन्म नाकारला, हे विसरून मुलांना चमत्कार शिकवण्यात अर्थ नाही.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेत १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक लेख लिहिला. त्याची सुरुवात पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते: पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात? लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके तपासली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के पुस्तकांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंनी यावर एक रूपक दिले. ते आज जगभर वापरले जाते. पुस्तक हा आरसा असतो आणि खिडकीही असते. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते. ज्या मुलाला आरसाच मिळत नाही, ते शिकते की आपण मोजले जात नाही. ज्याला फक्त आरसेच मिळतात, ते शिकते की जग म्हणजे आपणच. दोघांचेही नुकसान होते.

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. जवळच्या ग्रंथालयात जा आणि मराठी बालपुस्तकांचे एक कपाट तपासा. घर कसे आहे? देवघर आहे की भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो? ताटात काय वाढले आहे? बाबा काय काम करतात? सफाई कामगाराची, ऊसतोड मजुराची, वीटभट्टीवरची मुलगी नायिका आहे, की कोणाच्या तरी दयेची वाट पाहत कोपऱ्यात उभी आहे? ही मोजणी करायला पदवी लागत नाही. एक वही आणि रविवारची एक दुपार पुरते.

अशी पुस्तके आहेत

तक्रार करून थांबू नये, कारण चांगले कामही झाले आहे.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने २०१५ मध्ये सौम्या राजेंद्रन यांचे 'भीमराव आंबेडकर: द बॉय हू आस्क्ड व्हाय' हे चित्रपुस्तक काढले. चित्रे सात्विक गाडे यांची आहेत. नावातच सगळे आले. इथला भीम हा "का?" विचारणारा मुलगा आहे. त्याच प्रकाशनाचे महाश्वेतादेवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' आहे. त्यातली मोयना शबर या आदिवासी समाजातली. ती शेळ्या राखते आणि सतत "का?" विचारते. सकाळी शेळ्या चारायच्या असतील तर शाळा त्याच वेळी का भरते, असाही तिचा प्रश्न आहे. शाळा सोडणाऱ्या मुलांवर आम्ही समाजशास्त्रात जाडजूड प्रबंध वाचले. मोयनाने ते एका वाक्यात विचारून टाकले.

थोड्या मोठ्या, बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी नवयान प्रकाशनाचे 'भीमायन' (२०११) आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ते रंगवले आहे. त्यात चौकटी नाहीत. जातीचे विष ओकणाऱ्यांचे शब्द विंचवाच्या नांगीसारख्या फुग्यात येतात, तर मायेचे शब्द पक्ष्याच्या आकारात. दहा पानांच्या भाषणाने कळणार नाही ते मुलाला एका नजरेत कळते. दुर्गाबाईंनीच कांचा इलैया यांच्या 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' (२००७) या पुस्तकाची चित्रे काढली. कातडे कमावणारे, मडकी घडवणारे, कपडे धुणारे यांच्या कामामागचे विज्ञान ते मुलांना सांगते. ज्या कामावरून आपल्या आजोबांना हिणवले गेले, त्या कामात किती ज्ञान होते हे नातवाला कळणे ही लहान गोष्ट नाही.

आणि समीना मिश्रा यांचे 'जमलो वॉक्स' (२०२१). टाळेबंदीत तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून छत्तीसगडमधल्या आपल्या गावाकडे चालत निघालेली आणि वाटेतच गेलेली बारा वर्षांची जमलो. चित्रे तारीक अझीझ यांची. मी हे पुस्तक हातात धरून मराठीत सांगत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, "आम्हीपण असंच चालत आलतो." त्यानंतर वर्गात कोणी बराच वेळ बोलले नाही. मग तोच बोलत राहिला. शाळेत त्याने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते.

निवडताना तीन कसोट्या

"चांगला संदेश" असलेले प्रत्येक पुस्तक चांगले नसते. मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, बदल कोण घडवते? श्रीमंत घरातला मुलगा गरीब मुलाला जुनी सायकल देतो आणि गोष्ट संपते, हे दान झाले. त्यातून आपले मूल हात पसरायला शिकते आणि दुसऱ्याचे मूल उपकार करायला. आपल्याला समतेची गोष्ट हवी आहे, उपकाराची नको.

दुसरा, नायक एकटाच आहे का? केनियाच्या वंगारी मथाई यांच्यावर मुलांसाठी चित्रपुस्तके आहेत. १९७७ पासून त्यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन झाडे लावली. पुढे २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. चांगले पुस्तक त्या इतर बायकाही दाखवते. महाडला बाबासाहेब एकटे गेले नव्हते, हजारो माणसे त्यांच्यासोबत चालली होती. मुलाला त्या गर्दीत आपली पणजी दिसली पाहिजे.

तिसरा, त्यात आनंद आहे का? १९६२ मध्ये आलेल्या एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'द स्नोई डे' मध्ये पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो, एवढेच होते. भाषण नाही, अन्याय नाही. तरी ते पुस्तक क्रांतिकारक ठरले, कारण तोवर खेळण्याचा हक्क पुस्तकांत जणू गोऱ्या मुलांनाच होता. आपल्या मुलांना फक्त दुःखाचा आरसा दिला तर ती त्यात पाहणे सोडून देतील. जयंतीला आजीच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहणारी मुलगी हीसुद्धा गोष्टच आहे.

वाचावे कसे?

मसूर स्टेशनचा प्रसंग घ्या. १९०१ साल. नऊ वर्षांचा भीम नवे कपडे घालून भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघतो. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊन तयार होतात, पण गाडी मुलांनीच हाकायची. जवळ जेवण आहे, पाणी कोणी देत नाही, म्हणून मुले उपाशी झोपतात.

हे सांगून लगेच "म्हणून आपण शिकले पाहिजे" असे म्हणू नका. चेहरा बदलला त्या पानावर थांबा. विचारा: चेहरा का बदलला? तुमच्यासमोर कोणाचा चेहरा असा बदलला आहे का? आणि हेही विचारा: आपला चेहरा कोणासमोर बदलतो का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. आमच्या वर्गात एका मुलीने वस्तीच्या टोकाला पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलाचे नाव घेतले. त्याला आमची मुले खेळायला घेत नव्हती. पुढच्या रविवारी तो वर्गात आला. जग सुधारते ते असे, एका मुलापासून.

मग मुलांना कागद आणि रंग द्या. प्रत्येकाने आजी-आजोबांची एक गोष्ट विचारून आठ पानांत रंगवावी. १८५५ मध्ये सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. कोणी मोठा लेखक येईल याची तिने वाट पाहिली नाही. आपल्या मुलांनीही पाहू नये.

पैशांची अडचण खरी आहे, पण तीही सुटते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके मोफत वाचता येतात, उतरवून छापता येतात. तरुणांनी आपल्या गोष्टी तिथे लिहाव्यात, इतर भाषांतल्या गोष्टी मराठीत आणाव्यात. आणि येत्या १४ एप्रिलला वर्गणीचा हिशोब मांडताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एक ओळ वाढवावी. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात विहारात पुस्तकांचे एक कपाट उभे राहू शकते का, ते पाहावे. कपाटाला कुलूप मात्र लावू नका. पुस्तके फाटली तरी चालतील. फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक.

त्या दुसरीतल्या मुलीला मी मसूरची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर तिने स्वतः एक चित्र काढले. बैलगाडी, चार मुले आणि वाटेवर पाण्याची कळशी घेऊन उभी असलेली एक मुलगी. मी विचारले, "ही कोण?"

"मी," ती म्हणाली. "त्यांना पाणी द्यायला."

जय भीम.