जुलाबाची गोळी लागू का पडत नाही?

गंगाखेडच्या वस्त्यांतून दरवर्षी कितीतरी घरे ऊसतोडीला जातात. पिशवीत मीठ-मिरचीसोबत गोळ्यांचे एखादे पाकीटही असते. जुलाब लागले की दोन गोळ्या घ्यायच्या, थांबले की उरलेल्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या. आमच्याही घरात हेच चालायचे. मग पोराला टायफॉइड झाला आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी आठ दिवस ताप हलला नाही. रक्ताची कल्चर तपासणी झाली, औषध बदलले, तेव्हा कुठे उतार पडला. मजुरी बुडाली ती वेगळीच.

शिळे अन्न, अर्धकच्चे चिकन, घाण पाणी यांतून साल्मोनेला, शिगेला असे जंतू पोटात जातात. अँटिबायोटिकने बहुतेक मरतात. ज्यांच्याकडे औषध पचवण्याची सोय असते ते उरतात आणि वाढतात. इथवर पुष्कळांना ठाऊक असते. खरी गोम पुढे आहे. ही सोय अनेकदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर लिहिलेली असते. दोन जंतू एकमेकांना चिकटले की एक जण त्या कड्याची नक्कल दुसऱ्याला देतो. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरते ना, तसेच! फरक एवढाच की देणाऱ्याची चिठ्ठी त्याच्याकडेही राहते, आणि घेणारा दुसऱ्या जातीचा जंतू असला तरी चालते. (जंतूंना जातीचे सोवळे नाही.)

आपल्या आतड्यात ई-कोलाय जंतू कायम असतात, बहुतेक निरुपद्रवी. तेही ही चिठ्ठी रोगाच्या जंतूंना देऊ शकतात. १९५९ साली जपानी संशोधकांनी हे दाखवून दिले. तिथे हगवणीचे शिगेला जंतू एकदम चार औषधांना दाद देईनासे झाले होते. एकाच चिठ्ठीवर चार उत्तरे! म्हणजे विनाकारण घेतलेली गोळी आज काही करत नाही असे वाटले, तरी पोटात चिठ्ठीवाले जंतू मागे ठेवून जाते.

पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या जंतूने असेच प्लास्मिड मिळवले होते. सेफट्रायक्झोन इंजेक्शनलाही तो जुमानत नव्हता. त्याच इंजेक्शनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू मुंबईच्या रुग्णांतही सापडल्याचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला.

कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणूनही खाद्यात अँटिबायोटिक घालतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले औषध. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना ते देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. चिकन पूर्ण शिजले की जंतू मरतात. घात होतो तो त्याआधी. चिकन कापलेल्या विळीवरच कांदा-कोथिंबीर चिरली जाते. विळी आणि हात साबणाने धुवा. नळाखाली चिकन खळखळून धुऊ नका, शिंतोडे भांड्यांवर उडतात. जयंतीच्या भोजनातला उरलेला भात उन्हाळ्यात रात्रभर तसाच ठेवू नका.

साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, चोवीस तासांत संपवा. लेकराला झिंकची गोळी १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. आशाताईकडे दोन्ही मिळते. अंगावरचे दूध चालू ठेवा. शौचात रक्त, जोराचा ताप, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, लेकरू सुस्त, यातले एकही दिसले तर मेडिकलवर न थांबता थेट सरकारी दवाखाना गाठा. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि घरात उरलेली असेल तर शेजारच्या वहिनींना देऊ नका.